झाडूगाडीच्या पुढे

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आयुष्यभर जिने चढतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लिफ्ट बंद पडली म्हणून तर त्याला बोलावलेलं असतं, आणि यंत्राची खोली असते गच्चीवर. मग काय, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवायची आणि निघायचं पायी. वाटेत मजल्यामजल्यावर दारं उघडतात आणि आतून विचारणा होते, ‘अजून किती वेळ?’ जणू यानेच ती बंद पाडली होती. आपला हा गृहस्थ पंचवीसेक वर्षं असे जिने चढत आला होता. आणि रविवारी सुटी मिळाली की काय करायचा? सायकलवर बसून डोंगर चढायचा. हौसेला मोल नसतं हे खरं, पण थोडी अक्कल असायला काय हरकत आहे, असं त्याची सासू म्हणायची, आणि सासूचं दरवेळी चुकतंच असं काही नाही.

सायकल क्लबात त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. पन्नाशीला टेकलेला, अंगाने काटक, बोलायला कमी आणि हट्टाला पुरेपूर. क्लबची वर्षातली मोठी शर्यत म्हणजे डोंगरशर्यत. खालच्या पुलापासून निघायचं ते थेट माथ्यावरच्या रेडिओच्या मनोऱ्यापर्यंत. लिफ्टवाला तरुण होता तेव्हा तिथे पहिल्या दहांत यायचा. मग पहिल्या तिसांत. मग कितवा आलो हे तो सांगेनासा झाला, आणि लोकही शहाणे, त्यांनी विचारणं सोडून दिलं.

या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी चालते. तिला झाडूगाडी म्हणतात. ठरवून दिलेल्या वेगाने ती डोंगर चढते आणि जो मागे राहील त्याला उचलते. तिने गाठलं की विषय संपला. नंबर काढून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, सायकल टपावर आणि आपण आत. क्लबाचा नियम असा की सलग दोन वर्षं ज्याला गाडीने उचललं त्याला पुन्हा शर्यतीचा नंबर द्यायचा नाही. त्याने यायचं तर हौशी गटात यावं, म्हणजे जे लोक चढावर फोटो काढायला थांबतात त्यांच्यात.

मागच्या वर्षी झाडूगाडीने लिफ्टवाल्याला पहिल्यांदा उचललं. आत दोघंजण आधीच बसलेले होते. एकीची चेन तुटली होती, दुसऱ्याला उलट्या होत होत्या. लिफ्टवाल्याला तसं काहीच झालेलं नव्हतं. त्याचा फक्त दम संपला होता. त्या दोघांनी त्याला सरकून जागा दिली आणि ‘तुमचं काय झालं?’ असं विचारलं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवशी घरी आल्यावर जेवताना तो बायकोला म्हणाला, “पुढच्या वर्षी परत उचललं तर सायकल विकून टाकणार. पुन्हा नाव काढणार नाही. शप्पथ.”

बायको एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकाला फ्रेम बसवायची, कानामागे टोचत असेल तर काडी वाकवून द्यायची. त्या क्षणी ती स्वतःचा चष्मा पुसत होती. तिने वर न बघता म्हटलं, “बरं.”

तेवढंच. पण ते ‘बरं’ लिफ्टवाल्याच्या डोक्यात असं रुतून बसलं की काही विचारू नका. आपण सायकल सोडायची बायको वाटच बघतेय, असं त्याने ठरवून टाकलं. रविवारी सकाळी घरात नसणारा नवरा, बाल्कनीत वाळणाऱ्या घामट चड्ड्या, बाथरूमच्या बेसिनात धुतलेली चेन, हे सगळं एकदाचं संपावं असं कुठल्या बाईला वाटणार नाही? त्याने तिला विचारलं मात्र नाही. विचारायचं असतं, हे नवऱ्यांना कुणी शिकवतच नाही.

मग असल्या माणसाने जे करायचं तेच त्याने केलं. जास्त सायकल चालवायला लागला. कामाच्या आधी चालवायची, कामानंतर चालवायची, वारा असो नाहीतर थंडी असो, दात ओठ खाऊन चालवायची. घाम गाळला की फळ मिळतं असं त्याच्या मनाने पक्कं घेतलं होतं. आणि फळ असं मिळालं की तो आणखी हळू झाला. अति तिथे माती म्हणतात ती डोळ्यांदेखत होत होती. पाय कायम जड. झोप लागेना, आणि दिवसा गच्चीवरच्या यंत्रखोलीत स्टुलावर बसल्याबसल्या मात्र डुलकी लागे. एकदा तर तो झोपला आणि खाली लोक लिफ्टच्या दारासमोर ताटकळत उभे.

त्याची भाची त्याच सुमाराला घरी आली. ही मोठ्या बहिणीची मुलगी. लहानपणी मामाच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची; आता विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत नोकरी करत होती. खेळाडूंच्या तोंडाला मुखवटे लावून त्यांचा श्वास मोजायचा, असं काहीतरी ती करते एवढंच घरात माहीत होतं. तिने मामाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “मामा, तू उद्या प्रयोगशाळेत ये. मला तुझ्या वयाची माणसं हवीच आहेत.”

“माझ्या वयाची म्हणजे म्हातारी?”

“म्हणजे हट्टी.”

मामी स्वयंपाकघरातून हसली. मामाला हसू आलं नाही, पण गेला.

प्रयोगशाळा म्हणजे त्याला वाटलं होतं चकचकीत काहीतरी असेल. होती एक लांबट खोली, एका कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या रचलेल्या, भिंतीवर पंखा, आणि मधोमध जमिनीला स्क्रूने आवळलेली एक सायकल. स्क्रू ढिला होता, ते सगळ्यात आधी त्याच्या लक्षात आलं, आणि तपासणीला बसण्याआधी त्याने तो आवळून घेतला. आधी डॉक्टरांनी हृदय तपासलं. ते ठणठणीत होतं. मग छातीला पट्टा, तोंडाला मुखवटा, आणि पायडल मारायला सुरुवात. दर थोड्या वेळाने भाची सायकल जड करायची आणि त्याच्या कानाच्या पाळीला बारीक सुई टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. त्या थेंबावरून म्हणे कळतं की स्नायू आरामात आहेत की बोंबलायला लागलेत.

लिफ्टवाल्याचे स्नायू फारच लवकर बोंबलायला लागले होते.

तो घाम पुसत बसला तेव्हा भाचीने त्याला समजावून सांगितलं. “असं समज की अंगात दोन चुली आहेत. एक मंद आचेची. ती दिवसभर पुरते. दुसरी भडकते, पण लगेच विझते. लांब चढाला पहिली लागते, आणि पहिली मोठी व्हायची तर ती रोज शांतपणे पेटवावी लागते. तू काय करतोस? घराबाहेर पडलास की दुसरी भडकवतोस. रोज. त्यामुळे पहिली चूल कधी मोठीच झाली नाही, आणि ज्या दिवशी खरा जोर लावायचा त्या दिवशी दुसरीत राखच असते.”

“म्हणजे मी करतोय काय?”

“सगळंच थोडं थोडं. धड हळू नाही, धड जोरात नाही.”

एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्याची आई म्हणायची ते त्याला आठवलं. तोंडाने तो एवढंच म्हणाला, “मग उपाय?”

“हळू चालव. आठवड्यातले दोन दिवस सोडले तर बाकी सगळे दिवस हळू. मी तुला हृदयाच्या ठोक्यांचा एक आकडा देते. त्याच्या वर गेलास की मनगटावरचं घड्याळ वाजेल. वाजलं की वेग कमी करायचा. चालवताना मोकळेपणी गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकं हळू. आणि ते दोन दिवस मात्र असं चालव की तोंडातून शब्द फुटता कामा नये.”

“म्हणजे आळशीपणा करू?”

“आळशीपणा तुला झेपला तर कर. मला शंका आहे.”

भाचीने मामाला बरोबर ओळखलं होतं. जोरात चालवणं त्याला कधीच अवघड गेलं नव्हतं. हळू चालवताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले. पहिल्याच दिवशी पुलाकडच्या बारीकशा चढाला घड्याळ वाजलं. वेग कमी केला तरी वाजलं. आणखी कमी केला, आणि बाजूने एक आजीबाई गेल्या. सायकलच्या टोपलीत कोबीचा गड्डा, अंगात स्वेटर. जाताजाता त्यांनी वळून पाहिलं आणि मायेने विचारलं, “चाकात हवा कमी आहे का?”

त्या दिवसापासून त्याने क्लबाचा रंगीत टीशर्ट घालणं सोडलं. कामाचा जुना शर्ट घालून तो कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जायचा, कारण तिथे ओळखीचं कुणी येत नसे. शाळेतली पोरं पुढे गेली. एक जण एका हाताने फोनवर बोलत पुढे गेला. एक कुत्रं काही अंतर बरोबर धावलं आणि कंटाळून मागे फिरलं. लिफ्टवाला आपला घड्याळाकडे डोळे लावून गोगलगाईच्या वेगाने पायडल मारत होता आणि मनातल्या मनात भाचीच्या नावाने बोटं मोडत होता.

पण कितीही लपलं तरी गावभर व्हायचं ते होतंच. एका रविवारी क्लबची टोळी कालव्यावर आली. पुढे होते मास्तर. हे निवृत्त गणिताचे शिक्षक, लिफ्टवाल्याचे सोबती आणि जन्माचे प्रतिस्पर्धी. क्लबची ‘आरामाची फेरी’ असायची तिचं तिसऱ्या वळणावर शर्यतीत रूपांतर करायचे ते हेच. खरं तर त्यांनाच कशाला दोष द्यायचा, त्या क्लबात कुणी आपल्या पुढे गेलेलं एकालाही खपत नसे.

“काय रे, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की काय?” असं म्हणून मास्तर पुढे गेले. मागची सगळी टोळी खिदळली.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. लिफ्टवाल्याने एक हात शर्टात घातला, छातीवरचा ठोके मोजायचा पट्टा सरळ पोटावर ओढला, आणि निघाला. पट्ट्याला ठोके लागेनासे झाले, घड्याळ गप्प झालं. पाण्याच्या टाकीपाशी त्याने मास्तरांना गाठलं, मागे टाकलं, आणि वळून एक शब्दही न बोलता निघून गेला. काय बरं वाटलं त्याला. बरेच दिवसांनी तो शीळ घालत घरी आला. पुढचे दोन दिवस जिना चढताना कठड्याला धरत होता, ते सोडा.

आठवडाभराने प्रयोगशाळेत भाचीने त्याच्या घड्याळातले आलेख पडद्यावर लावले. तिने ते शेवटपर्यंत सरकवून पाहिले. मग तिने पेनाने एका ठिकाणी टकटक केलं.

“मामा, इथे तुझं हृदय बंद पडलंय.”

तो भिंतीवरच्या पंख्याकडे बघायला लागला.

“हृदय बंद, आणि वेग बघ. मेल्यावर तू फार जोरात सायकल चालवतोस.”

त्याने हसायचा प्रयत्न केला, पण भाची हसत नव्हती. ती म्हणाली की हे असंच करायचं असेल तर तिने आपला वेळ घालवायचं काही कारण नाही, तिच्याकडे ऐकणारे खेळाडू पुष्कळ आहेत. मामा आहे म्हणून ती सुटीच्या दिवशी येऊन बसते. एवढं बोलून तिने पडदा बंद केला आणि वायरी गुंडाळायला लागली.

लिफ्टवाला जमिनीला आवळलेल्या सायकलच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “मला भीती वाटते.”

“कशाची?”

“हळू चालवलं की वाटतं, ती गाडी मागे आलीच. जोरात चालवतो तेव्हा निदान असं वाटतं की मी अजून हातपाय मारतोय. यंदा उचललं तर संपलं गं. मी तुझ्या मामीला शब्द दिलाय. सायकल गेली तर रविवारी सकाळी उठून मी करायचं काय, तेच मला कळत नाही. बाकीच्या दिवसांचं मी भागवेन.”

इतकं सलग मामा बोलल्याचं भाचीला आठवत नव्हतं. तिने वायरी खाली ठेवल्या आणि मोडक्या खुर्च्यांतली त्यातल्या त्यात धड बघून त्याला बसवलं.

“घाबरलेला माणूस नेहमी जोरात चालवतो,” ती म्हणाली. “तुमचा अख्खा क्लब घाबरलेला आहे. मास्तरांपासून सगळे. तुला त्यांच्यासारखं व्हायचं असेल तर पट्टा काढून ठेव. नाहीतर तीन महिने माझं ऐक, आणि मग परत कानातून रक्त काढू. नाही फरक पडला तर मी स्वतः मामीला सांगेन की चूक माझी होती.”

त्याने ऐकलं. मनापासून ऐकलं असं नाही म्हणणार, पण ऐकलं. आजीबाई पुढे गेल्या, जाऊ दिल्या. पुढे पुढे त्या ओळखीच्या झाल्या आणि त्यांच्या गुडघेदुखीबद्दल दोघांच्या गप्पा व्हायला लागल्या. मोकळेपणी गप्पा मारता आल्या पाहिजेत हा भाचीचा नियम आपोआप पाळला गेला. आठवड्यातले दोन दिवस तो टेकडीच्या मागच्या बाजूला जाऊन अंगातलं सगळं पणाला लावायचा, आणि आता ताजे पाय असल्यामुळे खरंच लावता यायचं. भाचीने खायलाही लावलं. सायकलवर असताना काही खायचं नाही हा त्याचा जुना बाणा होता. आता शर्टाच्या खिशात केळं आणि उकडलेला बटाटा असायचा, आणि भूक लागायच्या आधी खायचा, हा दुसरा नियम. झोप परत आली. यंत्रखोलीतली डुलकी गेली. एकदा तो हत्यारांची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावर पोहोचला आणि त्याच्या लक्षात आलं की धाप लागलेली नाही. तो उगाचच एक मजला खाली उतरून परत चढला. तरी नाही लागली.

तीन महिन्यांनी भाचीने पुन्हा सुई टोचली. तीच खोली, तीच सायकल. ती दर थोड्या वेळाने सायकल जड करत होती, थेंब घेत होती आणि यंत्राकडे बघत होती. मागच्या वेळी ज्या टप्प्यावर तो कोलमडला होता तो टप्पा आला आणि गेला. त्यानंतरचाही गेला. मग तिने मुखवटा काढून त्याच्यापुढे पडदा वळवला. जुनी रेघ लवकर वर उसळलेली होती. नवी बराच वेळ आडवी चालली होती, आणि मग कुठे चढली होती.

“हे माझं?” त्याने विचारलं.

“नाही, त्या आजीबाईंचं,” भाची म्हणाली, आणि तिने मामाच्या पाठीत एक धपका घातला. लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला. अर्धाच पडला म्हणा, कारण डोंगर अजून व्हायचा होता.

शर्यतीच्या सकाळी बायको आणि भाची बसने आधीच वर गेल्या. निघताना भाचीने पुन्हा बजावलं, “खडीच्या खाणीपर्यंत आकड्याच्या वर जायचं नाही. कुणीही पुढे जाऊ दे. खाण ओलांडली की घड्याळाकडे बघायचंच नाही, जे आहे ते सगळं लावायचं.” बायकोने काही बजावलं नाही. तिने त्याच्या शर्टाची पाठीमागची घडी सरळ केली, नंबरची एक सुटलेली टाचणी लावली आणि बसमध्ये चढली. तिची बोटं गार लागली, पण सकाळची वेळ होती.

शिट्टी वाजली आणि सगळे सुटले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे मास्तर पहिल्या वळणाआधीच तरुणांच्या घोळक्यात घुसले. लिफ्टवाल्याचे पायही त्यांच्या मागे लागायला फुरफुरत होते. घड्याळ वाजलं. त्याने ओठ चावला आणि वेग कमी केला. एकेक करून सगळे पुढे गेले. तो शेवटचा उरला, आणि मागून इंजिनाची घरघर ऐकू आली.

झाडूगाडीचा ड्रायव्हर गेल्या वर्षीचाच होता. गोलमटोल, खिडकीबाहेर कोपर काढून शेंगदाणे खाणारा. मनाने वाईट नव्हता, पण डोंगर चढताना दुसरं करायचं काय म्हणून बोलत होता. “ओळख आहे ना? खिडकीची सीट ठेवलीय हं तुमच्यासाठी. आताच येता का? उगाच कशाला जिवाला त्रास.”

लिफ्टवाला पायडल मारत राहिला. पाय म्हणत होते, जा. घड्याळ म्हणत होतं, थांब. मागून घरघर येतच होती, आणि त्याला गाडीतली ती सीट, तिचं फाटलेलं रेक्झिन, सगळं दिसत होतं. भाची चुकली असेल तर? ते आलेख, ते रक्ताचे थेंब, खोलीतली ती आवळलेली सायकल, त्यांना काय माहीत डोंगर कसा असतो ते. पण मग त्याला हेही आठवलं की गेली कित्येक वर्षं तो स्वतःच्या मनाने चालवत आला होता आणि त्याच्या मनाने त्याला कुठे आणून बसवलं होतं. त्याने खिशातून केळं काढलं आणि खाल्लं. ड्रायव्हर बघतच राहिला. त्याच्या गाडीपुढे चढावर निवांत केळं खाणारा माणूस त्याने आधी पाहिला नसावा.

झाडी संपली तसा समोरून वारा सुटला. दुष्काळात तेरावा महिना. पण वारा काही एकट्या लिफ्टवाल्याला लागत नव्हता. पुढच्या वळणावर त्याला एक पाठ दिसली. तो कुणीतरी रस्त्यावर नागमोडी चालवत होता. लिफ्टवाला त्याच्या बाजूने गेला. मग आणखी दोन पाठी दिसल्या. त्याचा आकडा तोच होता, वेगही तोच होता, आणि लोक मागे जात होते. घरघर बारीक झाली. थोड्या वेळाने त्याने कान देऊन ऐकलं तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

खाणीच्या अलीकडे मास्तर एक पाय जमिनीला टेकवून हँडलवर डोकं ठेवून उभे होते. लिफ्टवाल्याने वेग कमी केला आणि खिशातला बटाटा त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी मान हलवली. “घशाखाली नाही उतरायचा,” ते म्हणाले. “तू जा. थांबू नकोस, मूर्खा, जा.”

खाण आली. लिफ्टवाल्याने घड्याळ मनगटावर फिरवून उलटं केलं आणि सायकलवर उभा राहिला. तिथून पुढचं त्याला नंतर नीट सांगता आलं नाही. छाती फुटते की काय असं वाटलं, डोळ्यांत घाम गेला, मनोरा दिसला, मनोऱ्याखाली लोक दिसले, आणि लाल निशाण घेऊन उभा असलेला पंच दिसला. पंच एकदा घड्याळाकडे बघत होता, एकदा रस्त्याकडे. ते निशाण खाली आलं की शर्यत बंद. लिफ्टवाला त्याच्यापुढून गेला तेव्हा निशाण वरच होतं. पुढे जाऊन तो गवतावर सायकलसकट आडवा झाला. त्याने मान वळवून पाहिलं, तर ते अजूनही वर होतं. आणखी दोघंजण धापा टाकत आले, आणि मग ते खाली आलं.

भाची धावत आली, तिने मामाच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं आणि आकडे बघून कुणाला तरी फोन करायला निघून गेली. वैज्ञानिक माणसं अशीच, रडायचं ते आकड्यांपाशी रडतात. झाडूगाडी वर आली. मास्तर उतरले. चेहरा पडलेला, पण ते सरळ लिफ्टवाल्याकडे आले आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

“तुझी भाची माझ्या कानाला सुई टोचेल का?” त्यांनी विचारलं.

“हळू चालवावं लागेल,” लिफ्टवाला म्हणाला.

“ते बघू,” असं पुटपुटत मास्तर पाणी शोधायला गेले.

मग बायको आली. तिने घाई केली नाही. गुडघे टेकून बसली आणि त्याच्या बुटांचे पट्टे सोडायला लागली. एका पोटरीत पेटका आला होता, तो तिने अंगठ्याने दाबून धरला.

“वेळेत आलो ना?” त्याने विचारलं.

“आलात.”

“आता सायकल विकायची नाही मग. तुला वाईट वाटलं असेल.”

तिचा अंगठा थांबला. “मला कशाला वाईट वाटेल?”

“वर्षभर वाट बघत होतीस ना तू. मी शपथ घेतली तेव्हा ‘बरं’ म्हणालीस.”

“मग काय म्हणणार होते? त्या दिवशी तुमचं तोंड बघवत नव्हतं. नको म्हणायची छाती झाली नाही माझी.” तिने चष्मा काढला आणि पदर नाही, रुमाल नाही, म्हणून त्याच्याच घामट शर्टाच्या टोकाला पुसला, काचा आणखी खराब झाल्या. “त्या गाडीत बसलात, ते तुम्ही उतरलाच नव्हता अहो. कितीतरी दिवस माझ्यासमोर कुणीतरी भलताच माणूस जेवायला बसायचा. हो म्हणायचा, नाही म्हणायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि झोपायला जायचा. तुम्ही म्हणालात, परत उचललं तर विकणार. म्हणजे तो माणूस जन्मभर माझ्या घरात राहणार. वर्षभर माझ्या घशाखाली नीट घास उतरला नाही. आज बसमध्ये तुमच्या भाचीचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बोटांना वळ आलेत.”

“मला वाटलं होतं, मी सोडलं की तुला सुटल्यासारखं वाटेल.”

“सुटल्यासारखं आत्ता वाटतंय,” ती म्हणाली, आणि तिथेच गवतावर बसून, आजूबाजूला अख्खा क्लब उभा असताना, ती रडायला लागली. इतक्या वर्षांत लोकांसमोर तिला रडताना त्याने पाहिलं नव्हतं. तो घाईने उठायला गेला, पण पोटरी पुन्हा अशी आवळली की परत आडवा झाला. मग त्याने पडल्यापडल्याच हात लांब करून तिचा हात धरला.